‘भोंगा’च्या कॅसेटवरची नववी चाल

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचतो. उलटे पाय, चकवा, बांधावरची बाई... आमच्या घरात असल्या गोष्टींना जागाच नव्हती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं कऱ्हा नदीत सोडले. त्यानंतर आमच्याकडे अंगारा नाही, उतारा नाही, श्राद्ध नाही. मी स्वतः बारामतीत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. आवाज म्हणजे काय, तो कसा निघतो, कसा पोचतो, कसा साठवतात – हेच माझं पोट भरण्याचं साधन आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते लिहिताना मला संकोच वाटतोय. पण जे घडलं ते घडलं.

नावं बदलली आहेत. इंदापूरच्या त्या दुकानाचं नाव लिहीतच नाही – माणूस गेला, पण मुलंबाळं आहेत.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. कॅसेटचा जमाना. आमचा एक ग्रुप होता, ‘विजेरी’. नाव मोठं, माणसं तीन – मिलिंद, त्याची मोठी बहीण वैशालीताई आणि मी. मिलिंद आमच्याच वस्तीतला, माझा शाळेपासूनचा मित्र. त्यांचे वडील लवकर गेले, आई सरकारी दवाखान्यात नर्स. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणायचा, मी मावशी म्हणायचो.

मिलिंद लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. ऑर्केस्ट्रावाल्यानं नवा कीबोर्ड घेतला तेव्हा जुना मिलिंदला मिळाला, आणि त्या जुन्यात एक गंमत होती. त्याच्या माइकपुढे कुठलाही आवाज केला की तो क्षणभराचा आवाज कीबोर्डात साठायचा आणि मग पट्ट्यांवर सुरात वाजवता यायचा. स्टीलचं ताट वाजवलं तर ताट सा-रे-ग-म म्हणायचं. मावशींनी हाक मारली – “मिल्या, जेवायला!” – तर ‘मिल्या’ची सरगम तयार. आम्ही त्या दिवशी पोट धरून हसलो. मिलिंद मात्र हसला नाही. तो म्हणाला, “सुनील, अरे म्हणजे आपल्याला वाद्यांची गरजच नाही.”

तिथून त्याला वेड लागलं. कीबोर्ड काखोटीला मारून तो आणि मी स्कूटरवरून तालुकाभर फिरलो. एसटी कंडक्टरची डबल बेल. मोरगावच्या माळावरच्या शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं. सुपात पाखडली जाणारी ज्वारी. कोऱ्हाळे बुद्रुकला त्याचे मामा राहायचे, त्यांच्या शेजारी बबनराव म्हणून ऊसवाले शेतकरी. त्यांच्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन लंगडत लंगडत चालायचं – ढुक, ढुक, ढु-ढुक. ते मिलिंदला फार आवडलं. बबनराव इंजिन बंद करायला निघाले की हा म्हणायचा, “परत एकदा.” कुणाचाही आवाज घेताना तो हेच म्हणायचा. “परत एकदा.” लोक वैतागायचे, पण परत करायचे.

या सगळ्यातून आठ चाली तयार झाल्या. गाणं नाही, शब्द नाहीत. मी रिदम पॅडवर, मिलिंद कीबोर्डवर, आणि वैशालीताई पुण्याहून आणलेल्या सेकंडहँड चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर. मिलिंदच्या घरातल्या मागच्या खोलीला आतून गोणपाटं ठोकून आम्ही स्टुडिओ केला होता. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. ताई कपाळावर ओला रुमाल बांधून बसायची आणि जरा सूर हलला की हात वर करायची. तिचे कान मिलिंदपेक्षा तिखट होते, हे मिलिंदच सांगायचा. पहिली चाल साखर कारखान्याच्या भोंग्यावर बांधली होती, म्हणून कॅसेटचं नाव ‘भोंगा’. आमचा पहिला अल्बम. महाराष्ट्रात असं कुणी केलेलं नाही, असं आम्हाला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

कॅसेट काढायची कुठं? इंदापुरात, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून दिनकररावांचं दुकान होतं. भजनं, लावण्या, लग्नाच्या रेकॉर्डिंग, जयंतीची गाणी – सगळ्याच्या कॉप्या त्यांच्याकडे निघायच्या आणि सोलापूरपर्यंत जायच्या. माणूस गोड बोलणारा. मास्टर टेप ठेवून घेतली, चहा पाजला, म्हणाले, “न्यारंच हाय बाबा हे. ऐकतो, कळवतो.”

कळवलं नाही. आम्ही दोन-चारदा निरोप पाठवले. “चाललंय, चाललंय,” एवढंच उत्तर.

मग दिवाळीनंतर एका दुपारी वैशालीताई बारामतीच्या स्टँडवर उभी होती. कॅसेटच्या गाड्यावर मोठ्यानं काहीतरी वाजत होतं – आणि ते ‘भोंगा’ होतं. तिसऱ्या चालीत एका जागी ताईला ठसका लागला होता, तो आम्ही तसाच ठेवला होता. तो ठसकासुद्धा होता. तिनं कॅसेट विकत घेतली. वर भडक रंगात ‘इलेक्ट्रॉनिक धमाका’, दिनकररावांच्या पुतण्याचा – अमरचा – गॉगल लावलेला फोटो, हातात कीबोर्ड. आमची नावं कुठंच नाहीत.

मिलिंदनं ते कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, “मी जाऊन येतो इंदापूरला,” एवढं म्हणून स्कूटर काढली.

तो आलाच नाही. परतीच्या वाटेवर, दिवस मावळताना, उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता. त्याला मावशींच्याच दवाखान्यात आणलं, आणि मावशी ड्यूटीवर होत्या. त्याहून जास्त मला लिहवत नाही.

आठवड्यानं ताई आणि मी दिनकररावांकडे गेलो. भांडायला नाही – त्याचं तिथं काय झालं, शेवटचं काय बोलला, हे तरी कळावं म्हणून. आणि मास्टर टेप परत आणायला. दिनकरराव गल्ल्यावर बसले होते. अमर आतल्या बाजूला कॉपी करण्याच्या मशीनपाशी.

“कोण मिलिंद?” दिनकरराव म्हणाले.

ताईला वाटलं ऐकू आलं नसेल. “माझा भाऊ. गेल्या आठवड्यात तुमच्याकडे आला होता. इथून जातानाच...”

“बाई, वाईट झालं. पर हितं कुणी आलं न्हाय. आन टेप म्हणताय ती कंची? आमच्या अमरनं स्वतः बशीवलेल्या चाली हायत त्या. इचारा त्याला.”

अमर खाली मान घालून उभा राहिला.

मी काहीतरी तावातावानं बोलायला लागलो. ताईनं माझा दंड धरला. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, “दिनकरराव, आम्ही शाप-बिप मानत नाही. तुम्हाला शाप देत नाही. पण तुमचं वाटोळं झालेलं मी बघणार आहे. इथं, याच पायरीवर उभी राहून बघणार.”

आजूबाजूचे चार लोक बघत होते. दिनकरराव हसले.

त्यानंतर ताईत बदल झाला. ती रडायची नाही. मागच्या खोलीत कीबोर्ड आणि टेप डेकवर चादर घातलेली होती, तिला कुणी हात लावायचा नाही असं तिनं सांगून ठेवलं. वकिलाकडे गेलो, तो म्हणाला पुरावा आणा. पुरावा म्हणजे मास्टर – तिची दुसरी प्रत नव्हती – आणि मास्टर त्या माणसाकडे. माझ्याही डोक्यात दिवसभर तेच – दुकान पेटवावं, काचा फोडाव्या. मी शिकवता शिकवता मध्येच थांबायचो. हातात खडू असायचा आणि डोळ्यांपुढे दिनकररावांचं ते हसू.

लग्नसराईत, भर दुपारी, मावशींच्या दारात बबनराव आले. तेच, कोऱ्हाळ्याचे इंजिनवाले. मी तिथंच होतो. गडी घामानं डबडबलेला, हातात कॅसेट, आणि चेहरा लाल.

“सिस्टर, कुटं हाय तुमची ती मंडळी? ही काय चेष्टा म्हणायची का काय?”

मावशींनी त्यांना पाणी दिलं. ते न पिता म्हणाले, “पोरीच्या लग्नाची कॅसेट हाय ही. मंगलाष्टका, उखाणे, समदं रेकाड केल्यालं. इंदापुरात कॉपी काढाया दिली. आन घरी लावली तर काय? माजं इंजिन! माज्या पोरीच्या लग्नात माजं इंजिन वाजतंय! व्याही हसाया लागला न्हवं!”

“तुमचं इंजिन कशावरून, बबनराव?” मी विचारलं.

“मास्तर, मी वीस वरीस त्येच्या उशाला झोपतोय. मला माजं इंजिन कळंना?”

ताईनं कॅसेट घेतली. मागच्या खोलीतली चादर काढली आणि कॅसेट डेकमध्ये टाकली. ‘भोंगा’ सुरू झालं. पहिल्यापासून, आमचं, जसंच्या तसं. ठसकासुद्धा. आम्ही म्हटलं, दुकानात गडबड झाली असणार, चुकून आमच्या मास्टरची कॉपी यांच्या कॅसेटवर निघाली. समजण्यासारखं होतं. आठवी चाल संपली. मी डेक बंद करायला हात पुढे केला, आणि नववी सुरू झाली.

नववी चाल आम्ही केलेलीच नव्हती.

आधी पंख्याची करकर. जुना, वंगण नसलेला छताचा पंखा – तिचाच ठेका बांधलेला. मग शटरची साखळी. मग कॅसेट डबीत बसताना होतो तो टक्, तो उलटसुलट नाचवलेला. मिलिंदची बोटं मी वर्षानुवर्षं शेजारी बसून ऐकली होती. तो एक मात्रा जरा उशिरा टाकायचा, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. ती मात्रा तशीच उशिरा पडत होती. मी डेकशेजारीच खाली बसलो. आणि मग त्यात माणसाचा आवाज आला, तुकडे केलेला, पट्ट्यांवर चढवलेला –

“नावाची... नावाची... ना-ना-नावाची... कोण... कोण... घेणार...”

आणि एकदा, फक्त एकदा, पूर्ण वाक्य. सरळ, न कापलेलं. “तुमच्या नावाची कॅसेट कोण घेणार रं? तुमी आपलं जयंतीला वाजवा.”

आवाज दिनकररावांचा होता.

बबनरावांनी टोपी काढून हातात घेतली. ते नुसतेच म्हणाले, “पोरगं तर गेलंय न्हवं?”

त्या दिवशी ताई आणि मी एकमेकांशी कडाकडा भांडलो. तिला वाटलं हे मी बनवलं, मला वाटलं तिनं. “तुलाच येतं त्याच्यासारखं वाजवायला!” “आणि रेकॉर्डर कुणाला चालवता येतो?” शेवटी मावशी मध्ये आल्या. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, “तुमच्यापैकी कुणी त्या दुकानातल्या पंख्याचा आवाज आणलाय?” कुणीच आणला नव्हता. कीबोर्डही हललेला नव्हता. मिलिंद त्या दिवशी रिकाम्या हातानं गेला होता – ना कीबोर्ड, ना टेप. स्कूटरच्या डिकीत पोलिसांना फक्त कव्हर सापडलं होतं, ‘इलेक्ट्रॉनिक धमाका’चं.

त्यानंतर बातम्या येऊ लागल्या. इंदापूरच्या दुकानातून भजनाची कॅसेट न्यावी, घरी लावली की ‘भोंगा’ आणि शेवटी नववी चाल. लावणी न्यावी, तेच. लोक कॅसेटी परत आणून गल्ल्यावर आपटायला लागले. दिनकररावांनी मशीन बदललं. कोऱ्या कॅसेटी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणल्या. काही फरक नाही. आणि सगळा तालुका दिनकररावांचा आवाज ओळखत होता. “कोण घेणार... कोण घेणार...” पोरं रस्त्यात त्याच ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. आमच्या वस्त्यांमधून तर त्या माणसानं काय म्हटलंय हे शब्दन् शब्द कळलं. जयंतीच्या कॅसेटींचं सगळं काम त्याच्याकडे यायचं, ते एका झटक्यात थांबलं. कुणी मोर्चा काढला नाही, दगड मारला नाही. त्याच्या दारात जायचं फक्त बंद केलं.

मला आनंद होत होता. हे लिहायला लाजत नाही मी.

आठवडी बाजाराच्या दिवशी ताई म्हणाली, “चल.” आम्ही एसटीनं इंदापूरला गेलो. भर दुपार, रस्त्याला माणसांची रीघ, हायवेवर ट्रकांची रांग. दिनकररावांनी त्या दिवशी दुकानाबाहेर स्पीकर लावला होता – सगळ्यांसमोर सिद्ध करायला की आता सगळं ठीक आहे. हातात सीलबंद कॅसेट, मुंबईच्या कंपनीची, त्यांच्या मशीनवर कधी न गेलेली. लोकांना दाखवत त्यांनी कागद फाडला.

“बगा, देवाची गाणी हायत. ऐका आता!”

ताई बरोबर त्याच पायरीवर जाऊन उभी राहिली. पदरात भाजलेल्या शेंगा होत्या, एकेक फोडून खात होती.

स्पीकरमधून पंखा करकरला.

बाजार गप्प झाला. इतका की टोपलीतल्या कोंबड्यांचा आवाज यावा. मग ठेका, साखळी, टक् टक्, आणि तो आवाज – “नावाची... नावाची...” दिनकररावांनी कॅसेट उपसून फेकली, दुसरी घातली. तेच. तिसरी घातली. तेच. ते आत वळून ओरडले. अमरला हाक मारायची होती, हे त्यांच्या तोंडाच्या आकारावरून कळत होतं. तोंड उघडलं, ‘अ’चा आकार झाला, आणि नुसती हवा आली. त्यांनी परत प्रयत्न केला. मग एकदम घशाला हात लावला आणि बाजूच्या टपरीवाल्याकडे पाहून म्हणाले, “आरं... ए... ते... ते पोरगं कुटं गेलं?”

बाकी बोलता येत होतं. नाव तेवढं येत नव्हतं.

ताईनं शेंगांची टरफलं पायरीवर टाकली आणि म्हणाली, “चला, पाचची गाडी मिळेल.”

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, “ताई, भीती नाही वाटत?” ती म्हणाली, “मिल्याची? कशाला वाटेल?”

काही दिवसांनी अमर बारामतीला आला. गॉगल नाही, काही नाही. दाढी वाढलेली. आमची मास्टर टेप त्यानं कापडात गुंडाळून आणली होती. ती मावशींच्या पायाशी ठेवली.

“तात्यांना कुणाचंच नाव घेता येत न्हाय,” तो दिनकररावांबद्दल म्हणाला. “माझं न्हाय, काकूचं न्हाय, गावाचं न्हाय. देवाचं सुदिक न्हाय. लिवून दावत्यात. पुण्याला नेलं, डॉक्टर म्हनला घशात काय न्हाय, डोस्क्यात काय न्हाय.”

“मिलिंद त्या दिवशी आला होता?” ताईनं विचारलं.

अमरनं मान हलवली. “आल्ता. भांडला न्हाय. एवढंच म्हनला, कव्हरावर आमची तिघांची नावं टाका, बाकी काय नको. तवा तात्या ते बोलले. तुमच्या नावाची कॅसेट कोण घेणार, म्हनून.”

“मग?”

“मग त्यो म्हनला, ‘परत एकदा.’”

मावशींनी डोळे मिटले.

“तात्यांना वाटलं ऐकू आलं न्हाय. हसून परत म्हनले. त्यो मान खाली घालून नुसता ऐकत हुता. आपुन गाणं ऐकतो तसा. वरती पंख्याकडं बगितलं. मग ‘ठीक आहे’ म्हनला आन गेला.” अमर रडायला लागला. “म्या तवा काय बोललो न्हाय. मला पेटी सुदिक वाजवता येत न्हाय हो. नुस्ता फोटू काढला माझा.”

तात्यांना घेऊन येऊ का, असं त्यानं विचारलं. मावशी म्हणाल्या, आण.

दिनकरराव आले ते निम्मे झालेले. मावशींनी त्यांना उजेडात खुर्चीवर बसवलं, टॉर्च लावून घसा पाहिला, जीभ पाहिली, मानेच्या गाठी चाचपल्या. जसं रोज शेकडो लोकांचं पाहायच्या तसंच. मग टॉर्च बंद केला.

“काही नाही तुमच्या घशाला,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाचं नाव घ्या.”

त्यांनी ओठ मिटले. ‘म’ साठी मिटावे लागतात तसे. मिटलेलेच राहिले. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी आलं, ओठ उघडेनात. अमर मावशींच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्या मागे सरकल्या.

“कव्हर बदला,” मावशी म्हणाल्या. “तिघांची नावं, मिलिंदचं वर. मग बघू.”

दिनकररावांनी जोरजोरात मान डोलावली. हात जोडून उठायला लागले. तेव्हा मावशींनी वैशालीताईकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या जखमा बांधणारी बाई... तिच्या चेहऱ्यावर मी तसं काही आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

“अजून उठू नका,” त्या म्हणाल्या. “वैशाली, लाव.”

ताईनं बबनरावांची कॅसेट डेकमध्ये घातली. आठही चाली, पूर्ण. मग नववी. दिनकरराव खुर्चीच्या हातांना धरून बसले होते. दार उघडं होतं, कुणी त्यांना अडवलं नव्हतं. तरी ते उठू शकले नाहीत, की उठले नाहीत, मला माहीत नाही. शेवटचं ते पूर्ण वाक्य आलं आणि संपलं. मावशी म्हणाल्या, “परत एकदा.”

त्या दुपारी ती चाल किती वेळा वाजली ते मी मोजलं नाही.

कव्हर बदलून ‘भोंगा’ बाजारात आली. वर मिलिंदचं नाव, खाली आमची. आणि लोकांनी घेतली – भरपूर घेतली, सर्व थरांतल्या लोकांनी. कोऱ्हाळ्याच्या बबनरावांनी तर पाहुण्यांना वाटायला नेली, त्यात त्यांचं इंजिन होतं ना. त्या कॅसेटींवर नववी चाल नव्हती. इतर कॅसेटींवरही पुन्हा आली नाही. दुकान मात्र चाललं नाही. अमर आता टेम्पो चालवतो, बरा माणूस आहे.

आम्हाला वाटलं होतं की दिनकररावांना नावं घेणंही परत जमेल. जमलं नाही. नातवंडं झाली, बारशी झाली, एकाचंही नाव त्यांना घेता आलं नाही. मी त्यांना एकदा इंदापूरच्या तहसील कचेरीत पाहिलं होतं. खिडकीतला कारकून विचारत होता, “बाबा, नाव? नाव सांगा की.” आणि ते खिशात चिठ्ठी शोधत होते.

मी खूप डोकं लावलं. लोकांना हिस्टेरिया होतो, अपराधी मनानं वाचा जाते, असे आजार आहेत. ते एकवेळ मान्य. पण कॅसेट? बबनरावांची ती कॅसेट आजही वैशालीताईकडे आहे. मी कितीदा म्हटलं, पुण्याला ओळखीच्या लॅबमध्ये देऊ, टेपवर काय आहे ते मोजून घेऊ. ती देत नाही.

काही वर्षांपूर्वी अमरचा फोन आला – दिनकरराव गेले. ताई तेव्हा मावशींकडे आली होती. मी गेलो तर जेवणं चालली होती. बसल्या बसल्या सांगितलं. तिनं विचारलं, “शेवटी घेता आलं का कुणाचं नाव?”

“नाही,” मी म्हणालो. “अमर म्हणाला, बायकोचा हात धरून बराच वेळ प्रयत्न करत होते.”

ताईनं पातेलं पुढे ओढलं.

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि मला आमटी वाढली.

हे फिजिक्सच्या कुठल्याच धड्यात बसत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. फक्त दिनकररावांची दया करा, असं लिहू नका. ते आमच्यापैकी अजून कुणाला जमलेलं नाही.